साइडपट्टी

श्रावणातल्या एका सकाळी आमच्या फाट्यावर दूधवाल्याची मोटरसायकल आणि नववीतल्या एका मुलीची सायकल एकमेकींवर आदळल्या. दोघंही सावकाशच येत होती, म्हणून मुलीचं कोपर सोललं आणि दहा-बारा लिटर दूध मुरमात जिरलं, एवढ्यावरच निभावलं. "गवतातनं दिसलंच न्हाई ओ, पोर दिसलीच न्हाई," असं दूधवाला येईल त्याला सांगत होता. खोटं नव्हतं ते. वळणावरचं गवत त्या वर्षी पुरुषभर वाढलं होतं आणि त्याच्या आत गाजरगवत, घाणेरी, एरंड असा सगळा मेळा होता. संध्याकाळी मारुतीच्या पारावर आठ-दहा जण जमले. मुलीची चौकशी झाली, दुधाबद्दल हळहळ झाली आणि मग सगळे मुद्द्यावर आले. ते गवत काढायचं काम कुणाचं?

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'कुणाचं' ही षष्ठी, आणि षष्ठी संबंध दाखवते असं दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. पारावर मात्र जो तो त्या शब्दात मालक शोधत होता. मीही.

डांबर संपतं तिथपासून शेताच्या बांधापर्यंत किंवा घराच्या कुंपणापर्यंत जी मुरमाची पट्टी असते, तिला सरकारी कागदात बाजूपट्टी म्हणतात. बाकी सगळं जग साइडपट्टी म्हणतं. आमची साइडपट्टी पाच-सहा पावलं रुंद आहे. फाट्यापासून कॉलनीच्या कमानीपर्यंत मी एकदा मोजत चालले. सहाशे पावलं भरली. तेवढ्यात चार वड, एक चिंच, सात कडुनिंब, दोन करंज, कुणीतरी हौसेनं लावलेले गुलमोहर, विजेचे खांब, टेलिफोनची मुकी झालेली पेटी, आडवा पडलेला अंतराचा दगड, पाण्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, गटार आणि गवत. गवत सोडलं तर यातल्या प्रत्येक वस्तूला धनी आहे. रस्ता एका खात्याचा, झाडं दुसऱ्यानं लावलेली, तोडायची परवानगी तिसऱ्याकडं, तारा चौथ्याच्या. त्यात नगरपालिकेची हद्द रस्त्याच्या मधून जाते. त्यामुळं डाव्या हाताची झाडं शहरातली आणि उजव्या हाताची खेड्यातली. डावीकडच्या वडांना नागरी भागातल्या झाडांचा १९७५ चा कायदा लागतो. त्यांना वृक्ष प्राधिकरण आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मानही दिला आहे. उजवीकडच्या चिंचेला लागतो १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. वर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. तिथं कुठला कायदा चालतो ते मी कुणाला विचारलं नाही.

अर्ज घेऊन मी तीन कार्यालयांत गेले. त्याचं वर्णन वाचकांना मुखपाठ असणार, ते लांबवत नाही. कुणी उर्मट बोललं नाही, एवढं मात्र सांगायला हवं. एका कारकुनानं तर चहा मागवला आणि घरच्यासारखं समजावलं, "मॅडम, झाडाची नोंद असते. गवताची नोंद नसते. उगवलं, वाळलं, संपलं. कुठल्या रजिस्टरला घेणार?" परतताना एसटीत मला त्याचं म्हणणं पटायला लागलं, आणि पटतंय म्हणून चीडही यायला लागली.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आजोळच्या रस्त्याला एक मैलकुली होता. आम्ही मुलं त्याला मैलकुली आबा म्हणत असू. खांद्यावर फावडं, हातात घमेलं, कमरेला कोयता. दगडांवर किलोमीटर येऊन बरीच वर्षं झाली होती, आबाचा मैल मात्र तसाच होता. मृगाच्या आधी तो साइडपट्टीला तिरक्या चरी काढायचा, म्हणजे पाणी डांबरावर न थांबता खाली उतरे. खड्ड्यात खडी ठोकायचा. दगडांना चुना लावायचा. उन्हाळ्यात नव्या रोपाच्या बुडाशी भोक पाडलेलं मडकं पुरून त्यात पाणी भरून जायचा. रस्त्याकडेच्या चिंचांचा दर वर्षी लिलाव होई. लिलाव घेणारा व्यापारी येऊन झोडपणी करेपर्यंत त्या चिंचांची राखण आबाकडं असे. आम्ही दगड उचलला की कुठूनसा त्याचा आवाज येई, "माझ्या मैलात चिंचा पाडायच्या न्हाईत. पडल्याल्या खावा." पलीकडच्या मैलात पाडल्या तर चालत असावं, अशी आमची समजूत होती आणि आम्ही तिकडं जातही असू.

आबाचं मी जरा गोड चित्र रंगवते आहे, हे मला कळतं. त्याची अर्धी नोकरी रोजंदारीवर गेली, हे मला मोठेपणी समजलं. त्या रोजंदारीत त्याचं घर कसं चालायचं ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. पण त्याच्या 'माझ्या मैलात'मधली षष्ठी मी विसरलेले नाही. तो मैल त्याच्या नावावर नव्हता.

आणि एक गंमत सांगते. आबा गवत कापत नसे. कापायला उरतच नव्हतं. पहाटे विळे घेऊन बायका येत. मारवेल आणि पवन्या गाई-बैलांना, कोवळं लुसलुशीत असेल ते वासराला. कुसळीला कुसळं धरायच्या आत तिचा भारा बांधावा लागे. नाहीतर पुढं ती जनावराच्या तोंडात रुतते आणि आपल्या लुगड्याच्या काठाला चिकटून घरभर हिंडते. कुणाचा तुकडा कुठवर, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण एकीनं दुसरीच्या वडाखालचं कापलं तर भांडण चांगलं दुपारपर्यंत चाले. बायकांनी ठेवलेलं शेळ्या खात. शेळ्यांनी ठेवलेलं देवाला जाई. पहिल्या पावसाचा टाकळा भाजीला, मग कुर्डू. श्रावणात जिवतीच्या माळेला आघाडा, भाद्रपदात गणपतीला दूर्वा, शनिवारी मारुतीला रुईची पानं. आईनं रुईला कधी तण म्हटल्याचं मला आठवत नाही. तण हा शब्दच शेतातला. पिकात नको असताना उगवतं ते तण. रस्त्याच्या कडेला पीकच नव्हतं, तर तण कुठून येणार?

ते तिथं आलं केव्हा, हे मात्र मला जवळजवळ सांगता येतं. गोठ्यात जर्सी आणि होल्स्टिन आल्या. त्यांना मुरघास लागतो, हत्तीगवत लागतं, पोत्यातली पेंड लागते. रस्त्याकडेचा भारा त्यांच्या हिशेबात बसत नाही. भारे वाहणाऱ्या बायकांच्या मुली शिकल्या, औद्योगिक वसाहतीत कामाला लागल्या, आणि डोक्यावरचा भारा उतरला म्हणून वाईट वाटून घ्यायचा मला अधिकार नाही. मी तो कधी वाहिला नाही. पण गवताला यातलं काही कळलं नाही. ते दर वर्षी ज्येष्ठात वेळेवर आलं, कुणी न्यायला आलं नाही, म्हणून उभं राहिलं.

गाजरगवताची गोष्ट निराळी. ते कुणी न्यायला आलं असतं तरी गेलं नसतं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढं देशभर पसरलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, असं आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून काँग्रेस गवत. चटकचांदणी असंही त्याचं एक नाव आहे. इतकं देखणं नाव इतक्या वाईट झाडाला कुणी दिलं असेल? एका झाडाला हजारोंनी बी धरतं. अंगाला लागलं की कातडी चरचरते, परागांनी दमा उठतो, आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. ऐंशीच्या दशकात बंगळूरला त्याच्यावर सोडण्यासाठी मेक्सिकोतून एक भुंगेरा आणला. पांढरट अंगावर काळपट रेघा असलेला हा इवलासा किडा आता आमच्या साइडपट्टीवरही दिसतो. चांगला पाऊस झाला की तो पानांची चाळण करतो. त्याची नेमणूक कोणत्या खात्यानं केली, त्याची हद्द कुठवर, हे त्याला कुणी विचारत नाही, त्यामुळं त्याचं काम बरं चाललंय. दुसरा सहायक आपला टाकळा. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला तिथं डोकं वर काढायला कठीण जातं. म्हणजे ज्याची आम्ही भाजी करत होतो तोच राखणही करत होता. हे मला साठीनंतर कळलं.

अपघातानंतर आम्ही कॉलनीतल्या लोकांनी वर्गणी काढून ग्रासकटरवाला बोलावला. अर्ध्या दिवसात वळण मोकळं झालं. टाळ्या वाजवायचंच बाकी होतं. महिन्याभरानं लक्षात आलं की गवतात झाकलेली करंजाची आणि कडुनिंबाची चौदा रोपं वाळत चालली आहेत. यंत्राची नायलॉनची दोरी गरगरत बुंध्याला घासून गेली होती आणि साल चहूबाजूंनी निघाली होती. रोपं एका जुलैतल्या वृक्षलागवडीची होती. त्यांना लोखंडी पिंजरे होते, पिंजऱ्यांवर देणगीदारांची नावं होती. पुढं पिंजरे गेले, नावं गेली, रोपं जिवाच्या करारानं जगली होती. सम्राट अशोकानं रस्त्याकडेनं माणसांच्या आणि जनावरांच्या सावलीसाठी वड लावल्याचं सातव्या स्तंभलेखात कोरून ठेवलं आहे. लावल्याचं. त्या वडांखालचा पाला कोण झाडायचं, याबद्दल स्तंभ गप्प आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांचा उतारा आपल्याकडं प्रत्येक पर्यावरण दिनाला वाचतात. झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार नाही, वगैरे. मी वर्गात तो किती वेळा समजावला असेल. त्यातला पुढचा भाग मात्र भाषणांत येत नाही. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर त्याच्या धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. धनी ठरलेला आहे, म्हणून राजी कुणाला करायचं हेही ठरलेलं आहे. आमच्या वडाच्या रस्त्याकडच्या पारंब्या दर उन्हाळ्यात ट्रकांना लागतात म्हणून छाटल्या जातात. पारंबी जमिनीत रुजली की खांब होते आणि फांदीचं ओझं पेलते. रस्त्याकडचे खांब कधी रुजूच दिले नाहीत, त्यामुळं झाडाचा सगळा तोल शेताकडं गेला आहे. वरून तारांसाठी मधला शेंडा उतरवतात. सुरूरहून वाईला जाताना रस्त्यावर कमान धरणारे जुने वड ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आमचे वड त्याच जातीचे आणि त्याच मापाचे असूनही बसथांब्यावर एका खांद्यानं ओझं धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसतात. यात राजी कुणाला करायचं?

दुसऱ्या वर्षी आम्हाला अधिक शहाणपण सुचलं. गवत वाढून मग कापण्यापेक्षा उगवतानाच मारावं. आषाढात पाठीवर पंप घेऊन एक मुलगा आला. त्याच्याकडं हातमोजे नव्हते, तोंडाला रुमाल होता. कमानीपासून फाट्यापर्यंत दोन्ही बाजू त्यानं भिजवून काढल्या. माणशी दोनशे रुपये पडले, ते मीही दिले. आठवड्यात सगळी पट्टी पिवळी पडली आणि मग वाळक्या तंबाखूच्या रंगाची झाली. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला होता, हे मी नंतर वाचलं. त्या पंपात नेमकं काय होतं ते मी त्याला विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी कालव्यापलीकडच्या वाडीतली एक मावशी दोन शेळ्या घेऊन आली. माझ्या दारासमोर उभी राहून ती पिवळ्या पट्टीकडं बघत होती.

"बाई, हितं औषाद मारलंया काय?"

"हो. कॉलनीनं मारलं."

"कवा?"

"सोमवारी."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंगळवारी टाकळा नेला की म्या हितनं. पोरांनी खाल्ला."

मंगळवारी पानं हिरवीच असणार. औषध रंग दाखवायला वेळ घेतं. पोरांना काही त्रास झाला का, असं मी विचारलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. काही झालं नव्हतं. "जरा सांगून मारायचं," एवढंच ती म्हणाली, आणि शेळ्या वळवून आली तशी गेली. सांगायचं कुणाला? ती तिथं भाजी न्यायला येते, हे आमच्या पारावर कुणाला ठाऊकच नव्हतं. साइडपट्टीवर कोणाकोणाचा हक्क आहे याची आम्ही वर्षभर चर्चा केली होती, आणि तिचा रोजचा वापर करणारं एकमेव माणूस तीत कुठंच नव्हतं.

त्याच महिन्यात जोराचा पाऊस झाला. मुरूम धरून ठेवायला हराळीची मुळं उरली नव्हती. वळणावरची साइडपट्टी ओघळींनी कापत गेली आणि डांबराची कड वीतभर अधांतरी राहिली. ज्या वळणावर आधी माणूस दिसत नव्हतं, तिथं आता मोटरसायकली घसरायला लागल्या. गवत काय करत होतं ते आम्हाला असं कळलं.

तिसऱ्या वर्षी मी वाडीवर गेले. मावशीला म्हटलं, वळणावरचं गवत तू नेशील का? कॉलनी पैसे देईल. तिनं जरा विचार केला. "पैसं नगं. शेरडांना हुतंय. पर बाटल्या टाकू नगा तिथं. मागल्या साली शेरडाचा पाय कापला." आणि मग, जाता जाता, "औषाद बी नगं." या अटी मी पारावर वाचून दाखवल्या. बाटल्यांची अट ऐकून दोघंजण खाली बघायला लागले. ठराव मंजूर झाला.

तेव्हापासून वळण ती राखते. विळ्यानं कापते, बोटभर बुडखा ठेवते, हराळीला हात लावत नाही, टाकळ्याची चार झाडं बियाला सोडते. रोपाशी आली की विळा खाली ठेवून हातानं उपटते. मी माझ्या फाटकापासून दुसऱ्या कडुनिंबापर्यंत गाजरगवत काढते, फुलं यायच्या आत, पाऊस पडून माती सैल झाली की, मोजे घालून. शेजारचे काका मला बघून त्यांच्या फाटकासमोरचं काढायला लागले. त्यापुढचे लागले नाहीत. त्यांच्या फाटकासमोर आमच्या प्रयत्नांची हद्द अगदी रेघ मारल्यासारखी दिसते.

हे सगळं दसऱ्यापर्यंत चालतं. मग गवत वाळतं, शेळ्यांना त्यात गोडी उरत नाही, मावशी ऊसतोडीला जाते. फाल्गुनात कुणीतरी काडी ओढतं. बांध साफ करायला, कचरा संपवायला, किंवा नुसतीच. वाळलेलं गवत पेटलं की वाऱ्यासरशी सुटतं आणि झाडाच्या बुंध्याशी साठलेल्या पाल्यात रेंगाळतं. झाड त्या दिवशी मरत नाही. साल एका बाजूनं भाजते, पुढच्या वर्षी पुन्हा तीच बाजू भाजते, मग तिथं ढोली होते आणि त्या ढोलीत आग बसायला जागा मिळते. गेल्या वर्षी तिसऱ्या कडुनिंबाच्या बुडाशी धूर दिसला म्हणून मी बादली घेऊन धावले. ते माझ्या हद्दीबाहेरचं. मोटरसायकल थांबवून एका तरुणानं विचारलं, "तुमचं झाड आहे का काकू?" मी दमलेले होते, हो म्हणून टाकलं. त्यानं गाडी लावली आणि दुसरी बादली आणली.

चैत्रात झाडं रंगवायला माणूस येतो. खाली गेरू, वर चुना, वर काळा आकडा. इतकी वर्षं मी रंग बघत होते, रंगवणारा कधी दिसला नव्हता. यंदा दिसला. ठेकेदाराकडचा होता, झाडामागं पैसे मिळतात म्हणाला. डबा खाली ठेवून त्यानं आधी कमरेचा विळा काढला आणि बुंध्याभोवतीचं वाळकं गवत, पाला, काटक्या सगळं हातभर बाजूला ओढलं.

"हे पण तुमच्याच कामात असतं का?" मी विचारलं.

"न्हाई ओ. गवत असलं की बुरूश बसत न्हाई बुडाला." त्यानं बुंध्याभोवती एक चक्कर मारली, राहिलेल्या दोन काड्या पायानं सारल्या, रंग दिला, आकडा काढला. मग डबा उचलून पुढच्या झाडाकडं गेला आणि विळा काढला.